आवाज नको, बोलणं कळू दे

होम थिएटर घरी आलं त्या रात्री मी सबवूफर कोपऱ्यात ढकलला आणि बास भरपूर वाढवला. खिडकीच्या काचा थरथरल्या. वाटलं, पैसे वसूल झाले.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या खाला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "बेटा, पिक्चरमधलं बोलणं काही कळत नाही, पण धडधड माझ्या पलंगापर्यंत येते."

गंमत म्हणजे अब्बांचीही तक्रार हीच होती. ते म्हणायचे, "नुसता आवाज येतो, शब्द येत नाहीत." मग मी आवाज वाढवायचो. त्याबरोबर बासही वाढायचा आणि अब्बा उठून आत जायचे.

अब्बांनी ३० वर्षं भिवंडीतल्या यंत्रमागांवर काम केलं. धोटा दिवसभर आपटत असतो. कारखान्यात शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावं लागतं. अशा गोंगाटात कानाची आधी जाते ती बारीक, उंच आवाज टिपण्याची ताकद. स, श, त, फ ही व्यंजनं तिथंच असतात. धडधड ऐकू येते, शब्द निसटतात. आम्ही मात्र वर्षानुवर्षं म्हणत आलो, "अब्बा लक्ष देत नाहीत."

एका रविवारी रिसीव्हरचा मेनू उघडून बसलो. सगळे स्पीकर 'स्मॉल' केले आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला. म्हणजे त्याखालचे जाड आवाज सबवूफरकडे जातात आणि छोट्या स्पीकरवरचा भार कमी होतो. मग टेस्ट टोन लावला. अब्बांच्या खुर्चीवर, त्यांच्या कानाच्या उंचीला मोबाइल धरून प्रत्येक स्पीकरचा आवाज सारखा केला. मोबाइलचा आकडा तंतोतंत नसतो, पण तुलनेला पुरतो. सिनेमातलं बोलणं बहुतेक मधल्या, सेंटर स्पीकरमधून येतं. त्याची पातळी ३ डेसिबलनं वाढवली.

सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढला. कोपऱ्यातल्या भिंती बास फुगवतात. त्याची पातळी ५ डेसिबलनं उतरवली. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, आमच्या खोलीहूनही लांब. भिंत तिला फारशी अडवत नाही. नियमाप्रमाणे राहत्या वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण खालांची झोप जपायला मला कायदा कशाला हवा? शेजाऱ्याचा हक्क काय असतो, ते घरात लहानपणापासून ऐकत आलोय. रात्रीसाठी नाइट मोड ठेवला. त्यात मोठे आवाज दबतात, हळू बोलणं वर येतं.

इशानंतर सगळे सिनेमा बघायला बसलो. एकूण आवाज आधीपेक्षा कमीच होता. मध्येच एक विनोद झाला आणि अब्बा हसले, आमच्याबरोबरच. एरवी ते आधी आमच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हसायचे. हे माझ्या लक्षात आलं ते त्या रात्री.