विशाखाताई गेल्यावर

ताप उतरला, पण अंगात त्राण नाही. रिसोडला सोयाबीनची मळणी जोरात आहे. बारीक भुसा खिडकीच्या गजांवर साचतोय. पडल्या पडल्या टीव्हीवरच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या विनोदी कार्यक्रमाचे जुने भाग बघतेय. विशाखा सुभेदार आणि समीर चौघुले. त्याचं वाक्य संपतं, ताई क्षणभर नुसत्या बघतात, आणि मला हसू आवरत नाही.

२०२२ मध्ये ताईंनी हास्यजत्रा सोडली. ऐन बहरात निघायला छाती लागते. पुढच्या वर्षी ‘शुभविवाह’ मालिकेत त्या खलनायिका होऊन आल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं. आई मात्र अजून विचारते, “हे बाई आता हसवत काहून नाही?”

मला समीरचंच वाटत राहतं. समोरची ती नेमकी नजर गेल्यावर पहिल्या तालमीला कसा उभा राहिला असेल तो?