पाय नसलेली धाव

चेंडू सीमारेषेपार जातो, फलंदाज जागचा हलतही नाही आणि फलकावर चार धावा चढतात. इंग्रजीत हेच ते ‘रन’. जुन्या काळी हे रन पळूनच काढावे लागत आणि धावा मोजणारा माणूस काठीवर सुरीने खाचा पाडत असे. पुढे चौकारापुरते पळणे सुटले, खाचाही गेल्या, शब्द मात्र राहिला. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात कित्येक वर्षे ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती. नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने तिला मागे टाकले. पीटर गिलिव्हर या संपादकाने नऊ महिन्यांहून अधिक काळ या एकाच शब्दावर घालवला आणि क्रियापदाच्या ६४५ अर्थछटा वेगळ्या काढल्या. हा आकडा ऐकून लोक इंग्रजीच्या अफाटपणाचे कौतुक करतात. मला मात्र वाटते की बोलणाऱ्याच्या मनात ६४५ अर्थ नसतातच. तिथे बहुतेक वेळा एकच कल्पना असते: सुरू झालेली, खंड न पडता पुढे जाणारी गती. पाय हे त्या गतीचे एक रूप, इतकेच.

याचा पहिला पुरावा शब्दाच्या बालपणातच आहे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद माणसाच्या धावण्याला लागे तसेच पाण्याच्या वाहण्यालाही लागे. त्याचे जर्मन भावंड ‘रिनन’ तर आज मुख्यतः वाहण्या-झिरपण्यासाठीच उरले आहे. नदी ‘रन’ होते, सर्दीत नाक ‘रन’ होते, कच्चा रंग धुताना ‘रन’ होतो, हे सगळे त्या जुन्या पाण्याचेच. पुढे यंत्रे आली. माग एका जागी ठोकलेला असतो, तरी तो ‘रन’ होतो, कारण त्याचे फिरणे थांबत नाही. संगणकाचा प्रोग्रॅम ‘रन’ होतो तेव्हा तर हललेले काही डोळ्यांना दिसतही नाही. बँकेवर ‘रन’ येतो तोही असाच. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदार पैसे काढून घेण्यासाठी तासन् तास रांगेत उभे होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याची मागणी आली, ती बहुतांशी फोन आणि संगणकांवरून. पहिल्या वेळी लोक उभे, दुसऱ्या वेळी बसलेले. पळत कुणीच नव्हते. पळत होता तो पैसा, एकामागून एक, न थांबता.

या अखंडतेची सर्वांत सुंदर कसोटी लंडनच्या रंगभूमीवर सापडते. अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ २५ नोव्हेंबर १९५२ रोजी तिथे सुरू झाले. १९७४ च्या मार्चमध्ये त्याला शेजारच्या मोठ्या नाट्यगृहात हलवायचे ठरले. शनिवारी जुन्या रंगमंचावरचा प्रयोग संपला आणि सोमवारी नव्या रंगमंचावर पडदा वर गेला. नाट्यगृह बदलले, वर्षानुवर्षे नट बदलत गेले, तरी प्रयोगांचा ‘रन’ तोच मानला गेला, कारण मध्ये खंड पडला नाही. २०२० मध्ये कोरोनामुळे नाट्यगृहे बंद झाली तेव्हा मात्र तो तुटला.

यावर कुणी म्हणेल, मग कोशकारांनी ६४५ भाग पाडले ते काय उगाच? उगाच नाही. वाहणे, चालवणे, निसटणे हे वेगळे करून दाखवणे हे त्यांचे कामच आहे, आणि नऊ महिने एका शब्दाशी बसण्याच्या त्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण नदीला घाट बांधले म्हणून नदी अनेक होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: प्रत्येक बहुअर्थी शब्दामागे असा एक गाभा असतोच कशावरून? नसतोही. ‘सेट’चेच घ्या. ठेवणे, बसवणे हे त्याचे क्रियापद जुन्या इंग्रजीतले, तर संच या अर्थाचे नाम लॅटिन ‘सेक्टा’पासून फ्रेंचमार्गे आलेले. एकमेकांना परके असलेले दोन शब्द एका उच्चारात मिसळले. तिथे एकच गाभा शोधणे व्यर्थ. ‘रन’मध्येही काही अर्थ मुळापासून बरेच लांब गेले आहेत. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. त्यामागे शर्यतीची कल्पना आहे, प्रवाहाची नाही. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार आपल्यासारखा निवडणुकीला उभा राहतो. तेव्हा माझे म्हणणे सगळ्या शब्दांबद्दल नाही, ‘रन’च्याही प्रत्येक छटेबद्दल नाही, पण त्याच्या मुख्य ओघाबद्दल नक्की आहे.

हा इंग्रजीचाच लहरीपणा असेल, ही शंकाही टिकत नाही. आपले ‘चालणे’ बघा. दुकान चालते, घड्याळ चालते, खटला चालतो, नाटक चालते, नाणे चालते. कुणी काही सुचवले की आपण ‘चालेल’ म्हणतो. इंग्रज जिथे पळतो तिथे मराठी माणूस चालतो, पण दोघांच्या मनात न अडणे हेच असते.

आणि म्हणूनच ‘रन’ आपल्याकडे आला तेव्हा कोश न उघडताही लोकांनी त्याचा गाभा अचूक उचलला. शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ एवढेच पाठ करून घेतात, आणि त्याचे मला वाईट वाटते, कारण शाळेबाहेर या शब्दाची समज केवढी तरी खोल आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याचा भाव ठेकेदार ‘रनिंग फुटा’वर सांगतो, म्हणजे रुंदी बाजूला ठेवून सलग लांबी मोजतो. साडीच्या दुकानात ‘रनिंग ब्लाउज’ म्हणजे साडीच्याच कापडात सलग विणून आलेला ब्लाउजपीस. तो कापून वेगळा करायचा असतो. रेल्वेत गाडी नेणारे ते ‘रनिंग स्टाफ’, आणि पुढची गाडी हाती येईपर्यंत ते जिथे जेवतात आणि झोपतात, त्या जागेचे नाव ‘रनिंग रूम’.