रंगमंचावरचा उजेड आणि कॅमेरा

चि. सोनूस,


शाळेच्या स्नेहसंमेलनातली प्रकाशयोजना प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी केलेली असते. लख्ख उजेड आणि गडद काळोख डोळ्याला एकाच वेळी पेलतात. कॅमेऱ्याला तितके जमत नाही. मागे काळा पडदा आणि पुढे झोतात उभे मूल असले, की कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन पडद्याच्या काळोखाला भुलते आणि उजेड वाढवते. परिणामी पडदा राखाडी होतो आणि चेहरा पांढराफटक. म्हणून स्पॉट मीटरिंग वापरून उजेड चेहऱ्यावरच मोजावा, नाहीतर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप खाली आणावे. पडदा काळाच राहू द्यावा. बहुतेक मोबाइलमध्ये स्क्रीनवरील चेहऱ्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि एक्स्पोजर तिथेच कायम होतात. मग बोट खाली ओढून उजेड कमी करता येतो.

फ्लॅश बंद ठेवावा. अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रकाश चौथाई उरतो. दहाव्या रांगेतून मारलेला फ्लॅश पुढच्या रांगांतली डोकी उजळतो, मुलापर्यंत पोहोचत नाही. जवळून मारला तर दिव्यांचे रंग पुसले जातात आणि मुलाचे डोळे दिपतात, ते वेगळेच.

उजेड मिळवण्याचे मार्ग तीन. पहिला ॲपर्चर: एफ ५.६ पेक्षा एफ १.८ वर सुमारे दहापट प्रकाश आत येतो. त्यामुळे ५० मिलिमीटरची स्वस्त, एफ १.८ ची लेन्स इथे साध्या झूमपेक्षा जास्त कामाची ठरते. मात्र तिच्यासाठी जागा पुढची हवी. दुसरा शटर: भाषण किंवा नाट्यप्रवेशाला १/१२५ सेकंद पुरते, कोळीनृत्य, लेझीम यांना १/२५० ते १/५०० लागते. तिसरा आयएसओ: तो १६०० ते ६४०० पर्यंत न्यावा लागतो आणि चित्र दाणेदार होते. दाणे नंतर बरेच कमी करता येतात. हललेला चेहरा सुधारता येत नाही. म्हणून तडजोड करायची ती आयएसओत, शटरमध्ये नव्हे.

नाचातही थांबे असतात. उडीच्या सर्वांत वरच्या टोकाला, गिरकी संपताना, समेवर पाय पडल्यावर शरीर क्षणभर स्थिरावते. तो क्षण साधला तर मंद शटरवरही चेहरा स्पष्ट येतो.

एलईडी दिव्यांच्या दोन अडचणी आहेत. गडद निळ्या किंवा जांभळ्या प्रकाशात एकच रंग कमाल मर्यादेला पोहोचतो आणि चेहऱ्याचे बारकावे जातात. तेव्हा एक्स्पोजर आणखी कमी करावे, रॉ स्वरूपात टिपावे किंवा दिवे बदलण्याची वाट पाहावी. दुसरी अडचण लुकलुकण्याची. भारतातली वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर थेट चालणाऱ्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. मंद केलेले एलईडी याहून जलद लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचते, त्यामुळे फोटोत आडवे पट्टे उमटतात. अशा वेळी मेकॅनिकल शटर वापरावे किंवा वेग १/१०० वर आणावा. व्हाइट बॅलन्स आपोआप बदलू न देता एकाच ठिकाणी ठेवावा, म्हणजे एका नाचाचे सगळे फोटो एका रंगाचे येतात.

जागा मधल्या वाटेच्या कडेची, रंगमंचाच्या पातळीला डोळे येतील अशी निवडावी. फार पुढे बसल्यास हनुवट्या आणि माइकचे स्टँड तेवढे येतात. शिक्षकांची परवानगी असेल तर रंगीत तालीम गाठावी. मूल कोणत्या विंगेतून येते, झोत कुठे पडतो आणि शेवटी ते कोणत्या जागी थांबते, हे तिथेच कळते.

कळावे,
तुझा
मामा