बेल, बल्ब आणि बाबा

तर झालं असं, की मागच्या जूनमध्ये एका मंगळवारी दुपारी आई बँकेतून परत आली आणि चाळीस मिनिटं स्वतःच्याच घराच्या दाराबाहेर उभी राहिली. किल्ली आत, बाबा आत, आणि बाबा गाढ झोपलेले. तिने बेल वाजवली, दार बडवलं, फोन केला. (आत वाजणारी फोनची रिंग तिला बाहेर ऐकू येत होती!) शेवटी समोरच्या काकूंनी मला ऑफिसात फोन केला. मी हिंजवडीहून लगेच निघालो खरा, पण हिंजवडीहून "लगेच" निघून काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. वाटेत मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही. चांदणी चौकात असताना आईचा फोन आला, "उघडलं दार. चहाच्या वेळेला उठले."

बाबांना कानाचं मशीन आहे. पण ते झोपताना काढून ठेवावं लागतं, आंघोळीला जातानाही. म्हणजे गरज असते नेमकं तेव्हाच मशीन ड्रॉवरमध्ये. आमच्या भाषेत सांगायचं तर हा एज केस नव्हता, रोजचा यूज केस होता.

उपाय सोपा वाटला. बेल वाजली की दिव्याची उघडझाप व्हायला हवी. न्यू जर्सीतल्या दादाने उत्साहाने तिथून एक डबा पाठवला. टेबललॅम्प त्यात खोचायचा, बेल वाजली की लॅम्प लुकलुकतो. डब्यामागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तसाच लावला असता तर उघडझाप एकदाच झाली असती, आणि ती डब्याची :) मध्ये ट्रान्सफॉर्मर लावता आला असता, पण मग लॅम्पलाही १२० व्होल्टच मिळणार. आपला २३० व्होल्टचा साधा पिवळा बल्ब निम्म्या व्होल्टेजवर निम्मा नाही, जेमतेम दहावा हिस्सा उजेड देतो. असो. दादाचा डबा कपाटात गेला आणि मी तपकीर गल्लीत.

तिथल्या एका दुकानदाराने वायरलेस बेल आणि तिच्यावर चालणारा एक सॉकेटवाला डबा दिला. बाबांची पहिली प्रतिक्रिया, "घराचा डान्स बार करताय का?" दुसरी प्रतिक्रिया म्हणजे दोन दिवस अबोला. आपल्याला ऐकू येत नाही हे घरच्यांना माहीत असणं वेगळं, आणि त्याची जाहिरात भिंतीवर लुकलुकणं वेगळं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी मात्र बल्बच्या मागे लागलो होतो.

पहिला प्रयोग सीएफएल. माळ्यावर जुने दोन पडले होते, म्हटलं वाया कशाला घालवा. सीएफएलला पूर्ण उजेडावर यायला वेळ लागतो, आणि दर वेळी पेटताना त्याच्या आतल्या इलेक्ट्रोडची थोडी झीज होते. त्याची भराभर उघडझाप करणं म्हणजे गाडी सिग्नलला बंद-चालू न करता दर दहा फुटांवर करणं. आठवड्याभरात तो गेला. बरं, गेलेला सीएफएल फुटू न देता टाकायचा, कारण आत थोडा पारा असतो.

दुसरा प्रयोग स्वस्तातला एलईडी. उजेड झकास. पण तिसऱ्या रात्री तीन वाजता बाबा दार उघडून उभे. बाहेर कोणीच नाही. चार वाजता पुन्हा. सकाळी बाबा मला म्हणाले, "तुझ्या यंत्राला भास होतात."

हा बग शोधायला मला पूर्ण शनिवार लागला. डब्यातला इलेक्ट्रॉनिक स्विच "बंद" असतानाही किंचित करंट सोडत होता. तारेच्या बल्बला अशा चिमूटभर करंटने काही होत नाही. पण एलईडी बल्बच्या आत कपॅसिटर असतो. थेंब थेंब साचून बादली भरावी तसा तो भरतो, मग दिवा क्षणभर चमकतो आणि बादली रिकामी. काही घरांत इंडिकेटरवाल्या बटणावरचा एलईडी बंद करूनही अधूनमधून लुकलुकतो, त्याचंही कारण हेच. एरवी हा नुसता त्रास. पण दिवा हीच ज्याची बेल आहे, त्याच्यासाठी ही खोटी बेल. चार खोट्या बेलनंतर माणूस खऱ्या बेलकडेही बघेनासा होतो.

यावर काही करणार तेवढ्यात ताईचा फोन आला. दिवाळीला ती आणि भाची येणार होत्या. भाची अकरा वर्षांची, तिला फिट्स येतात. मी उत्साहाने बेलचं सगळं रामायण सांगितलं. ताई गप्प. मग म्हणाली, "अरे, तिचा ईईजी काढताना डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवला होता, आठवतं ना? त्यातच तर दिसलं."

मला आठवत होतं. तरीसुद्धा चार महिने मी घरात तोच प्रयोग मांडून ठेवला होता.

एपिलेप्सी असलेल्या प्रत्येकालाच लुकलुकत्या उजेडाचा त्रास होत नाही, शंभरातल्या साधारण तिघांना होतो. पण त्यात मुलं आणि किशोरवयीन जास्त. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा पडदा सेकंदाला साधारण बारा वेळा चमकला आणि त्या संध्याकाळी सहाशेहून जास्त जणांना, त्यातही बहुतेक मुलांना, हॉस्पिटलात न्यावं लागलं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हे मला नोकरीमुळे माहीत होतं. २००८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.० या वेब ऍक्सेसिबिलिटीच्या नियमावलीत स्पष्ट आहे, की पानावरची कुठलीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकू नये. क्लायंटच्या पानावर एक बॅनर लुकलुकतो म्हणून मी एकदा बग टाकला होता. घरच्या भिंतीवर मात्र टेस्टिंग शून्य.

मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करून मोजलं. सेकंदाला पाच. अमेरिकेत आगीच्या इशाऱ्याच्या दिव्यांसाठी नियम आहे सेकंदाला एक ते दोन. वर मी हॉल आणि पॅसेज अशा दोन ठिकाणी दोन डबे लावले होते. सोफ्यावरून दोन्ही दिसतात. ते एका तालात नसले तर डोळ्याला दोन्हींची बेरीज होऊन पोचते.

रविवारी दोन्ही डबे घेऊन पुन्हा तपकीर गल्ली. दुकानदाराच्या मुलाने उघडून दाखवलं, आत ५५५ टायमर. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधला जुना मित्र. त्याने रेझिस्टर बदलून वेग सेकंदाला एकवर आणला. (आत २३० व्होल्ट खेळत असतात, म्हणून मी हात लावला नाही. आपलं क्षेत्र पाच व्होल्टपर्यंत.) एक डबा परत केला, एक ठेवला.

आणि बल्ब? शेवटी साधा, तारेचा, साठ वॅटचा. डब्याची मर्यादा शंभर वॅटची होती. एलईडीच्या युगात हे मागासलेलं वाटेल, पण इथे त्याचे दोष कामाला येतात. तार तापायला आणि निवायला क्षणभर वेळ घेते, म्हणून उजेड डोळ्यावर आदळत नाही, चढतो आणि उतरतो. चिमूटभर करंटने तो चमकत नाही. तापतो मात्र भयंकर, म्हणून पडद्यापासून लांब, बाहेरून दुधी काचेचा गोळा. पॅसेजमध्ये असा लावलाय, की बाथरूमच्या दारावरच्या काचेतून दिसतो. संध्याकाळी पॅसेजची ट्यूब चालू ठेवतो, म्हणजे अंधारातून एकदम उजेड असा धक्का बसत नाही. ताईने हे सगळं भाचीच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं. तरीही ती असताना दिवा बंदच ठेवायचा, असं ठरलं.

राहिली दुपारची झोप, जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं. मिटल्या डोळ्यांना दिवा भरवशाचा नाही, मग बल्ब कुठलाही असो. त्यासाठी आता उशीखाली थरथरणारी चकती आहे. आणि एक किल्ली समोरच्या काकूंकडे. हा शेवटचा उपाय फुकट होता आणि पाच महिन्यांत आम्हा दोन इंजिनियर भावांपैकी एकालाही सुचला नव्हता. आईला सुचला.

दिवाळीत दिवा बंद होता. भाचीने विचारलं, "आजोबांना मग बेल कशी कळणार?" मी म्हटलं, आपण सगळे आहोत ना घरात. चार दिवस बेल वाजली की तीच पळत जाऊन बाबांचा सदरा ओढायची, आणि बाबा उठून दार उघडायला जायचे. दुसऱ्या कोणाला उघडू द्यायचे नाहीत.

ताई गेली त्या रात्री मी दिवा परत चालू करायला गेलो, तर बाबांनी आधीच केला होता.