जाळी

"ज्याला करायचंच असतं तो कसंही करून करतोच." सेकंड इयरला आमच्या विंगमधल्या मित्राने आत्महत्या केली, तेव्हा महिनाभर मेसमध्ये हेच वाक्य फिरत होतं. ऐकायला बरं असतं ते. एकदा मान्य केलं की कुणालाच काही करायचं उरत नाही.

मी सिव्हिलचा. यंदा सेमिनारला सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल घेतला. १९३७ चा झुलता पूल, मधला गाळा १२८० मीटर, गाइडही खूश! पण वाचता वाचता मी केबल आणि टॉवर सोडून पुलाखालच्या जाळीत अडकलो.

केव्हिन हाइन्स हा मुलगा २००० साली, १९ वर्षांचा असताना त्या पुलावरून उडी मारूनही वाचला. हात सुटल्या क्षणीच पश्चात्ताप झाला, असं तो सांगतो. पुढे तो हेच सांगत गावोगाव फिरू लागला. त्याचे वडील, आणि ज्यांची मुलं त्या पुलावर गेली असे कितीतरी आईवडील, पुलाच्या संचालक मंडळापुढे वर्षानुवर्षं अडथळा मागत राहिले. हरकती काय? खर्च, पुलाचं सौंदर्य, आणि आमच्या मेसमधलं तेच वाक्य! खरं तर त्या वाक्याचं उत्तर १९७८ सालीच मिळालं होतं. रिचर्ड सायडन या संशोधकाने पुलावर अडवून परत आणलेल्या ५१५ जणांचा माग काढला. त्यातले सुमारे ९४ टक्के पुढे जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. लाट येते, ओसरते. तेवढा वेळ कुणीतरी आडवं यावं लागतं. तरी जाळीला पैसे मंजूर व्हायला २०१४ उजाडलं आणि ती पुरी झाली जानेवारी २०२४ मध्ये. स्टेनलेस स्टील, पदपथाच्या २० फूट खाली, २० फूट बाहेर.

मला मात्र त्या आईवडिलांचंच नवल वाटतं. जाळी मागायची म्हणजे चारचौघांत म्हणायचं, की माझं मूल वाचू शकलं असतं. त्यापेक्षा 'नशीब' म्हणणं किती सोपं! म्हणूनच मित्राच्या आईला हे सांगावं की नाही, ते मला ठरवता येईना. दिवाळीत काकूंकडे गेलो तर त्यांनीच विचारलं, "सध्या काय अभ्यास चाललाय?" आणि मी सांगून टाकलं. काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मग तुमच्या होस्टेलला काय लावलंय?"

जानेवारीत त्या होस्टेलवर आल्या. टीव्ही रूममध्ये दहा मिनिटं बोलल्या, रडल्या नाहीत. "दोन दिवस कुणाचं दार बंद दिसलं तर वाजवा. चिडला तर चिडू दे. मरावंसं वाटतंय का, असं सरळ विचारा. विचारल्याने काही डोक्यात भरत नाही. आणि एकट्याने सांभाळत बसू नका. रात्रीचे दोन वाजले तरी सरांना उठवा." मागे उभ्या रेक्टर सरांनी मान हलवली. (सर, आता हे छापूनही आलंय हं!)

वॉटर कूलरवर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चिकटवलाय. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. परवा रात्री फर्स्ट इयरचा एक मुलगा तो मोबाइलमध्ये टिपून घेत होता. स्वतःसाठी की आणखी कुणासाठी, कळेना. बाटली भरली आणि त्याला घेऊन गेटवरच्या टपरीवर चहाला गेलो.

– तृतीय वर्ष, स्थापत्य