मुग्धा, यंत्र निवडण्याआधी

चि. मुग्धास,


तुझं पत्र मिळालं. दोन औषधं पूर्ण मात्रेत आणि पुरेसे दिवस घेऊनही मनावरचं मळभ हटलं नाही, म्हणून डॉक्टरांनी टीएमएस सुचवलं. तू तीन ठिकाणी चौकशी केलीस आणि तिन्ही ठिकाणी वेगळी नावं ऐकलीस: साधं आरटीएमएस, थीटा बर्स्ट, डीप टीएमएस. त्यातच कुणीतरी ‘पाच दिवसांत बरं करू’ असंही सांगितलं. ‘आत्या, मी कोणतं घेऊ?’ असं तू सरळ विचारलंस. माझं आयुष्य मनोविकार विभागात गेलं, तेव्हा मीही सरळच सांगते. कारणंही देते, म्हणजे डॉक्टरांशी बोलताना ती तुझ्या कामी येतील.

आधी घरच्यांची भीती घालव. टीएमएस म्हणजे शॉक नव्हे. यात भूल नाही, आकडी आणायची नसते, उपाशीपोटी जावं लागत नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज वाहते हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. त्याच तत्त्वावर शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये कवटीबाहेर कॉइल धरून मेंदूतल्या पेशी चेतवून दाखवल्या. नैराश्यात डाव्या कपाळामागचा भाग बऱ्याचदा मंदावलेला असतो. तिथे रोज ठरावीक लयीत चुंबकीय ठोके द्यायचे, म्हणजे तो भाग आणि त्याला जोडलेली मेंदूतली जाळी हळूहळू पूर्ववत काम करू लागतात, असा हा उपचार आहे.

पहिल्या दिवशी काय होतं तेही सांगते. खुर्चीत बसवून डोक्याची मापं घेतात, टोपीवर खुणा करतात. मग कॉइल हालचालींच्या केंद्रावर धरून एकेक ठोका देतात आणि तुझ्या उजव्या हाताकडे बघत राहतात. एका ठरावीक ताकदीला तुझा अंगठा आपोआप टचकन हलेल. ती तुझी मर्यादा. उपचाराची ताकद तिच्यावरून ठरते, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. हे माप घाईघाईत उरकणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नकोस. ठोक्यांचा आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे हवेतच. पहिले काही दिवस टाळूला टोचल्यासारखं होतं, डोकं दुखतं. साध्या वेदनाशामक गोळीने बहुतेकांना आराम पडतो.

आता पर्यायांकडे वळू. साध्या पद्धतीत सेकंदाला १० ठोके, चार सेकंद ठोके आणि सव्वीस सेकंद विश्रांती, असे साडेसदतीस मिनिटांत ३००० ठोके देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यासाठी पहिलं यंत्र २००८ मध्ये मान्य केलं ते याच पद्धतीचं. थीटा बर्स्टमध्ये तीन-तीन ठोक्यांचे झुबके देतात आणि ६०० ठोके तीन मिनिटांच्या थोडं वर संपतात. ‘इतक्या कमी वेळात कसा गुण येईल?’ ही तुझी शंका रास्त आहे. नेमका हाच प्रश्न घेऊन कॅनडात ४१४ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. ती २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. छोटी पद्धत मोठीपेक्षा कमी पडली नाही. दोन्हीकडे जवळपास निम्म्या रुग्णांची लक्षणं निम्म्यावर किंवा त्याखाली आली. थीटा बर्स्टने ३२ टक्के आणि जुन्या पद्धतीने २७ टक्के रुग्ण पूर्ण सावरले. हे आकडे लक्षात ठेव. शंभर टक्क्यांची हमी देणारा माणूस तुझी फसवणूक करतो आहे.

डीप टीएमएसमध्ये कॉइल हेल्मेटमध्ये असते आणि तिचं क्षेत्र जास्त खोल व रुंद पसरतं. त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. उपचार चांगला आहे, पण नावात ‘डीप’ आहे म्हणून ते आपोआप जास्त गुणकारी ठरत नाही. केवळ त्यासाठी मोठी रक्कम मोजावी, असं मला वाटत नाही.

पाच दिवसांची पद्धत स्टॅनफर्डची. नोलन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकसित केली. रोज दहा बैठका, प्रत्येकीत १८०० ठोके, दोन बैठकांमध्ये सुमारे तासाभराचं अंतर, आणि त्याआधी खास एमआरआय करून प्रत्येकाच्या मेंदूतली नेमकी जागा शोधणं, असा तो सगळा साचा आहे. निकाल थक्क करणारे होते आणि २०२२ मध्ये तिला अमेरिकेत मान्यताही मिळाली. मात्र ज्या चाचणीवर ती उभी आहे, तिच्यात जेमतेम तीसेक रुग्ण होते. आपल्याकडे कुणी दिवसाला तीन-चार बैठका देऊन ‘तेच’ म्हणत असेल, तर ते तेच नव्हे. महागड्या स्कॅनबद्दलही एक गोष्ट ध्यानात घे. इंग्लंडमध्ये २५५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढून जागा ठरवली काय, किंवा नेहमीच्या एमआरआयवरून ठरवली काय, सहा महिन्यांनी फरक दिसला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. या पद्धतींमधला आपसातला फरक थोडा आहे. पूर्ण केलेला कोर्स आणि अर्ध्यावर सोडलेला कोर्स यांतला फरक फार मोठा आहे. बरेच जण दहा-बारा बैठकांनी ‘काही होत नाही’ म्हणून थांबतात, पण अनेकांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच उतार दिसू लागतो. आठवड्याला पाच, अशा सहा आठवड्यांत तीस बैठका हे खरं औषध. चिपळूणहून रोज पुण्याला येणं-जाणं तुला झेपणार नाही. म्हणून डाव्या बाजूचा थीटा बर्स्ट घे, रजा टाक आणि सहा आठवडे माझ्याकडे राहा. तुझ्या डॉक्टरांना तुझ्या तब्येतीत वेगळं काही दिसलं, तर मात्र त्यांचं ऐक.

त्यांना काही गोष्टी न लपवता सांग. डोक्यात किंवा कानात धातूचा तुकडा, क्लिप, इम्प्लांट आहे का. कधी आकडी आली होती का. झोपेसाठी क्लोनाझेपाम घेतेस का, कारण त्या जातीच्या गोळ्यांमुळे गुण कमी येऊ शकतो. आणि कधी काळी झोप न घेता भरमसाट उत्साहात दिवस गेले होते का, कारण तसं असेल तर निदानच वेगळं ठरू शकतं. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. थायरॉइड आणि बी-१२ तपासलं नसेल तर आधी ते करून घे.

पैशांचं म्हणशील तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितलं आहे. पण टीएमएस दाखल न होता घेतात आणि पुष्कळ पॉलिसी फक्त दाखल झालेल्यांना पैसे देतात. कंपनीकडून लेखी उत्तर घे, मगच हिशेब मांड.

आणखी एक. तुझं खाणंपिणं सुटलं, भास होऊ लागले, किंवा जगूच नये असं वाटू लागलं, तर सहा आठवडे थांबायचं नाही. अशा वेळी शॉक उपचारच जास्त लवकर आणि खात्रीने गुण देतो. आता तो भूल देऊनच द्यावा असा कायदा आहे. तेव्हा त्याची लाज किंवा धास्ती बाळगू नकोस. रात्री-अपरात्री मन फार सैरभैर झालं, तर मला फोन कर, नाहीतर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लाव. तो चोवीस तास चालू असतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचार: कोणती पद्धत देणार, माझी मर्यादा कोण मोजणार, आणि तीस बैठकांनंतर पाठपुरावा कसा करणार? उत्तरं पटली की तारीख घे. आणि एकदा सुरू केलंस की तिसावी बैठक होईपर्यंत सोडू नकोस.

तुझी,
आत्या