मनोऱ्यांचा मुलूख

दोस्तांनो, नकाशाचं पुस्तक काढा बरं! काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्यामध्ये कॉकेशस पर्वताची रांग दिसते ना? तिच्या उत्तर उतारावर चिमुकला चेचन्या आहे. इथल्या भाषेत स्वातंत्र्याला ‘मार्शो’ म्हणतात. गंमत म्हणजे, दारात पाहुणा आला की त्याचं स्वागतही याच शब्दानं होतं. जणू ‘मोकळेपणानं या!’

राजधानीचं नाव मात्र ग्रोझ्नी. या रशियन शब्दाचा अर्थ ‘भयंकर’! आपल्या गावाला असं नाव कोण ठेवील? ते ठेवलं रशियाच्या जनरल येर्मोलॉव्हनं. डोंगरातल्या लोकांना धाक बसावा म्हणून १८१८ साली त्यानं इथं किल्ला बांधला.

ग्रोझ्नीहून दक्षिणेला, अर्गुन नदीच्या खोऱ्यानं वर चढत गेलं की शातॉय लागतं. पुढे उश्कलॉयला उंच कड्याला अगदी चिकटून दगडी मनोरे उभे आहेत. शत्रू आला की असे मनोरे लढायला आणि आसऱ्याला उपयोगी पडत. शत्रू तर वारंवार आला! इमाम शामिलच्या नेतृत्वाखाली चेचेन आणि शेजारचे दागेस्तानी १८५९ पर्यंत लढले. जंगलात ते सापडेनात, म्हणून रशियन फौजेनं जंगलंच तोडली. तरुण टॉलस्टॉय याच फौजेत होते. पुढे म्हातारपणी त्यांनी या लढ्यावर ‘हाजी मुराद’ लिहिली.

आता जरा जड मनानं वाचा. २३ फेब्रुवारी १९४४. जर्मनांना सामील झाल्याचा ठपका स्टालिननं साऱ्या जमातीवर ठेवला. चेचेन जवान रशियाच्या बाजूनं आघाडीवर लढत होते, तरीसुद्धा! चेचेन आणि त्यांचे भाऊबंद इंगुश, असे जवळजवळ पाच लाख लोक मालगाड्यांत कोंबून कझाकस्तान-किर्गिझियाला धाडले. थंडी, भूक आणि साथीच्या रोगांनी हजारो दगावले. मागे त्यांच्या पूर्वजांच्या थडग्यांचे दगड उपटून रस्त्यांना, इमारतींना वापरले. १९५७ साली परतीची परवानगी मिळाली, तेव्हा काहींनी परमुलखात वारलेल्या आपल्या माणसांची हाडं पेटीत घालून सोबत आणली.

१९४४ सालीच जन्मलेला झोखार दुदायेव्ह असाच परमुलखात वाढला. पुढे तो सोव्हिएत हवाईदलात जनरल झाला आणि १९९१ मध्ये त्यानं चेचन्या स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. डिसेंबर १९९४ मध्ये रशियन रणगाडे आले. ग्रोझ्नीचा चुराडा झाला. १९९६ मध्ये दुदायेव्ह मारला गेला. त्याच वर्षी तह होऊन फौजा मागे गेल्या. पण १९९९ मध्ये युद्ध पुन्हा पेटलं. या वेळी चेचेन बाजूनंही काही भयानक गोष्टी घडल्या. २००४ मध्ये बेस्लानच्या शाळेत मुलांनाच ओलीस धरलं. तीनशेहून अधिक जीव गेले. स्वातंत्र्याच्या नावाखाली झालं तरी ते क्षम्य नाही, असं मला वाटतं.

चेचन्या आज रशियातच आहे. ग्रोझ्नीत काचेच्या उंच इमारती आणि भव्य मशीद झाली आहे. थडग्यांचे ते दगड १९९०च्या दशकात लोकांनी शोधशोधून गोळा केले आणि शहरात त्यांचं स्मारक उभारलं. २०११ मध्ये स्मृतिदिन २३ फेब्रुवारीवरून १० मेवर नेण्यात आला. २०१४ मध्ये ते दगडही तिथून हलवले.